चवळीला कळते, सोयाबीनला का नाही?

प्रश्न : माझ्या एक एकर सोयाबीनच्या कडेला चवळीच्या चार ओळी आहेत. स्पोडोप्टेरा या पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीनची चाळण केली, चवळी मात्र जेमतेम कुरतडली. दोन्ही शेंगवर्गीयच ना? चवळीचा पाला वाटून सोयाबीनवर फवारला तर? (एक वाचक, येवला)

उत्तर : पाला वाटू नका, कष्ट वाया जातील.

अळी पान खाते तेव्हा हरितकणांतले ऊर्जा तयार करणारे एक प्रथिन तिच्या पोटात तुटते. त्यातला ११ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या मण्यांचा) तुकडा लाळेबरोबर पानाच्या कुरतडलेल्या ओल्या कडेवर परत पडतो. चवळी ओळखते ती हा तुकडा, म्हणजे अळीच्या पोटातून आलेली स्वतःचीच मोडतोड! ‘इन्सेप्टिन’ नावाचा हा तुकडा २००६ मध्ये लष्करी अळीच्या लाळेतून शोधला गेला. तो पकडणारे चवळीतले प्रथिन २०२० मध्ये कळले. तुकडा पकडला की चवळीत जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन ही बचावाची संप्रेरके वाढतात, अळीचे पचन अडवणारी प्रथिने तयार होतात आणि अळीवर वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांना बोलावणारा गंध सुटतो.

घेवड्यालाही ही ओळख आहे. सोयाबीन त्यांचेच भाऊबंद, पण या तुकड्याला दाद देत नाही. तुकडा ज्यातून पडतो ते प्रथिन सोयाबीनच्या पानात आधीच आहे. कमी आहे तो ऐकणारा कान, म्हणजे तुकडा पकडणारे प्रथिन, आणि कान फवारून देता येत नाही. जखमेला सोयाबीन इतर मार्गांनी उत्तर देतेच. शिवाय पतंगाने अंडी कुठे घातली यानेही फरक पडतो, तेव्हा सगळे श्रेय चवळीच्या हुशारीला देऊ नका. अमेरिकेत सोयाबीनवर पडणाऱ्या एका अळीच्या लाळेत तर याच तुकड्याचे शेवटचे अमिनो आम्ल गळालेले असते, आणि मग चवळीही फसते.

तुमच्या शेतात पानांच्या मागे तपकिरी केसांनी झाकलेले अंडीपुंज शोधा. लहान अळ्या घोळक्याने पान खरवडतात, पान कागदासारखे जाळीदार होते. असे पान अळ्यांसकट तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. त्यानंतर ५ टक्के निंबोळी अर्क : ५ किलो कुटलेली निंबोळी १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. उन्हात अर्काचा जोर लवकर जातो. अळ्या मोठ्या होऊन पांगल्यावर अर्काचा फारसा उपयोग होत नाही. बांधावर एरंडी लावली तर पतंग तिच्यावर अंडी घालतात, पण तिची पाने नियमित तपासली नाहीत तर तीच अळ्यांची रोपवाटिका होते.

प्रश्न : मग चवळीवर मावा एवढा का पडतो? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : मावा पान चावत नाही, सोंड खुपसून रस ओढतो. पान चावून गिळलेच नाही, तर तो तुकडा येणार कुठून? माव्याच्या गोड चिकट्यावर मुंग्या येतात, मात्र मुंग्या दिसल्या म्हणून लगेच फवारू नका. चवळीच्या फुलांच्या दांड्यावर मधाच्या ग्रंथी असतात, त्यांवरही मुंग्या येतात. आधी शेंडा उलटून मावा आहे का ते बघा.