मलेरियात कोलेस्टेरॉल एकदम कमी आलंय, मग गोळी बंद करायची काय?

तुम्ही लिहिलंय की वडील गोव्याहून चवथीला गावी आले आणि थंडीताप भरला, रक्तात व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला, त्याच रक्तावर लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी पण झाली तर टोटल कोलेस्टेरॉल 112, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 18, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 36 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) तेवढं 290. मागच्या वर्षी एलडीएल 130 होतं, म्हणून आता रोजची कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर चालेल काय असं विचारालाय.

नका करू बंद, आधी हेच सांगतो. हा रिपोर्ट तापाचा आहे, वडलांच्या नेहमीच्या कोलेस्टेरॉलचा नव्हे.

मी डॉक्टर नाही, बेळगावात लॅबमध्ये 11 वर्षं काम करालोय. खानापूर, चंदगड भागातली माणसं गोव्याला बांधकामावर असतात, पावसाळ्यात कुडकुडत परत येतात, त्यांची स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली लाल पेशीत मलेरियाच्या जंतूची ती बारीक अंगठी दिसली की आम्ही लगेच डॉक्टरांना फोन लावतो. अशा पेशंटचं लिपिड कोणी सांगितलंच असलं तर आकडे बहुतेक तुमच्या वडलांसारखेच येतात, टोटल, एलडीएल, एचडीएल तिन्ही खाली आणि ट्रायग्लिसराइड वर. एचडीएल तर इतकं पडतं की नवीन पोरगं मशीन बिघडलं म्हणून परत टेस्ट लावतं.

असं का होतं बघा. अंगात इन्फेक्शन शिरलं की शरीर सूज आणणारी रसायनं सोडतं, त्यानं लिव्हरचं सगळं कामच बदलतं, कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण कमी होतात, आणि रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम मंदावतं, म्हणून ट्रायग्लिसराइड साचत राहतं. हे नुसतं मलेरियातच होतं असं नाही, दुसऱ्या जोराच्या इन्फेक्शनमध्ये पण होतं, पण मलेरियात जास्त ठळक दिसतं. त्याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, मलेरियाच्या जंतूला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवताच येत नाही! आधी लिव्हरच्या पेशीत आणि मग लाल पेशीत शिरून तो वाढतो, लाल पेशीत 48 तासांत एकाचे दहा-वीस होतात, त्या प्रत्येकाला नवं आवरण लागतं आणि त्याचा माल तो आपल्याच रक्तातून ओढतो. त्यात माणूस चार दिवस जेवलेला नसतो, ते वेगळंच.

दुसरं म्हणजे ते एलडीएल 36. बऱ्याच ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, हिशोबानं काढतात, टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. 112 वजा 18 वजा 58, झाले 36. म्हणजे ट्रायग्लिसराइड तापानं वाढलं की एलडीएल कागदावर अजूनच कमी दिसतं, आणि 400 च्या वर गेलं तर हा हिशोब धरतच नाहीत. तसलं रक्त सेंट्रीफ्यूजमधून फिरवून काढलं की वरचं सीरम पिवळसर स्वच्छ दिसायच्या ऐवजी पातळ ताकासारखं गढूळ दिसतं, हातात ट्यूब धरल्या धरल्या कळतं. शिवाय तापात घरचे ग्लुकोजचं पाणी, सरबत पाजत असतात, मग ती उपाशीपोटीची टेस्ट राहतेच कुठं.

हे एवढं कळवळून सांगायचं कारण म्हणजे माझे सख्खे मामा. हार्टला स्टेंट घातलेला, मलेरिया झाला, रिपोर्टात कोलेस्टेरॉल छान आलं म्हणून स्वतःच्या मनानं गोळी सोडली, घरात कुणाला बोलले पण नाहीत. तीन महिन्यांनी मीच रक्त काढलं तर एलडीएल 168. मामीला सांगताना माझा घसा कोरडा पडला होता. नशीब, तोवर काही झालं नव्हतं.

तर आता वडलांचा मलेरियाचा कोर्स पुरा करा. व्हायवॅक्सचे जंतू लिव्हरमध्ये लपून राहतात आणि काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी परत उठतात, त्यासाठी प्रायमाक्विन असते, साधारण 14 दिवस, आणि ती द्यायच्या आधी जी6पीडीची (लाल पेशीतल्या एका एन्झाइमची) तपासणी झाली काय ते डॉक्टरांना विचारा. ताप उतरला म्हणून लोक पाचव्या दिवशीच सोडतात, तसं करू नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे हे पण त्यांना आठवणीनं सांगा, मलेरियाच्या औषधांबरोबर ती चालवायची की थोडे दिवस थांबवायची ते त्यांनाच ठरवू दे.

आकडे ताप गेल्यावर हळूहळू मूळ जागी येतात, बहुतेकांचे 4 ते 6 आठवड्यांत. मी तर म्हणतो दोन महिने जाऊ द्या, जेवणखाण रुळावर येऊ दे, मग रात्री लवकर जेवून सकाळी 10-12 तास उपाशी राहून लिपिड करा, आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट, हा आत्ताचा आणि तो नवा, तिन्ही कागद डॉक्टरांच्या समोर ठेवा. आत्ताच्या कागदावर पेननं मोठ्या अक्षरात ‘मलेरिया असताना’ असं लिहून ठेवा, नाहीतर वर्षभरानं कोणतरी तोच बघून गोळी कमी करायचं.