झोप की स्वप्न? गोयाच्या चित्रातला 'सुएन्यो'

प्रश्न असा आला: स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाच्या 'कॅप्रिचोस' या छापचित्रांच्या मालिकेतल्या ४३व्या चित्राचं नाव मराठीत 'विवेकाची झोप' म्हणावं की 'विवेकाचं स्वप्न'?

चित्रातच कोरलेली मूळ ओळ आहे 'एल सुएन्यो दे ला राथोन प्रोदुथे मोन्स्त्रुओस', म्हणजे विवेकाचा 'सुएन्यो' विद्रूप, अक्राळविक्राळ जीव (मोन्स्त्रुओस) निर्माण करतो. सगळी गोम 'सुएन्यो'त. लॅटिनमध्ये झोपेला सोम्नुस आणि स्वप्नाला सोम्नियुम होतं. स्पॅनिशपर्यंत येताना दोन्ही झिजून एकच शब्द उरला. हा सोम्नुस आपल्या 'स्वप्न'चा लांबचा भाऊबंद. संस्कृतात 'स्वप्' म्हणजे झोपणंच. गीतेच्या सहाव्या अध्यायातला 'अतिस्वप्नशील' फार झोपणारा आहे, फार स्वप्नं पाहणारा नव्हे. संस्कृतात भाषांतर करणारा 'स्वप्न' लिहून मोकळा झाला असता. मराठीत वाटणी झाली आहे, त्यामुळे आपल्याला बाजू घ्यावीच लागते.

चित्रकाराची साक्ष काढावी तर तीही दुहेरी. १७९७च्या कच्च्या रेखाटनाखाली 'लेखक स्वप्न पाहतो आहे' अशा अर्थाचे शब्द आहेत. उलट माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या हस्तलिखित टिपणात म्हटलंय की विवेकानं सोडून दिलेली कल्पना अशक्य असे विद्रूप जीव प्रसवते, आणि विवेकाशी जोडलेली तीच कल्पना कलांची आई ठरते. इथे विवेक गैरहजर आहे, स्वप्न पाहत बसलेला नाही. म्हणून माझं मत 'झोप'.

आता चित्र पाहा. माणूस मेजावर डोकं टेकून, तोंड लपवून पडलाय. मागून घुबडं, वटवाघळं उसळतायत. एक घुबड तर खडूची लेखणीच पुढे करतंय. खाली उजवीकडे लिंक्स, रानमांजराच्या कुळातला प्राणी, टक्क जागा. स्पॅनिशमध्ये तीक्ष्ण नजरेच्या माणसालाही 'लिंथे' म्हणतात. घुबडासाठी आपल्याकडे 'दिवाभीत' असा शब्द आहे, उजेडाला भिणारं. स्पॅनिश लोक अठराव्या शतकाला 'प्रकाशांचं शतक', म्हणजे विवेकाच्या उजेडाचं शतक म्हणतात, तेव्हा या चित्राच्या वर्णनात मी तरी 'दिवाभीत'च वापरीन.

मागच्या काळोखाला रेघच नाही, कारण तो ॲक्वाटिंट या छपाईच्या तंत्राचा आहे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड भुरभुरवून पत्रा तापवतात, म्हणजे ती चिकटते. मग ॲसिड कणांमधली उघडी जागा तेवढी खातं, त्या बारीक खड्ड्यांत शाई बसते आणि छपाईत करडी छटा उतरते. आकृत्यांच्या रेषा मात्र एचिंगच्या, म्हणजे सुईनं ओढून ॲसिडनं खोदलेल्या. शिवाय छाप उलटा उमटतो, म्हणून ती ओळ पत्र्यावर उलट्या अक्षरांत काढावी लागली असणार. (हा ८० चित्रांचा संच १७९९मध्ये माद्रिदच्या ज्या रस्त्यावर अत्तरं आणि मद्यं विकणाऱ्या दुकानात मिळत होता, त्या रस्त्याचं नाव 'देसेन्गान्यो', म्हणजे भ्रमनिरास!)

राहिला 'मोन्स्त्रुओस'. 'राक्षस' नको. राक्षसाला आपल्याकडे कूळ असतं, नाव असतं, कधी कधी वरदानही. 'भुतावळ' जवळचा, पण 'भुतावळ उठते' म्हटलं की ती आधीपासून होती असं वाटतं. मूळ क्रियापद निर्माण करण्याचं आहे. तेव्हा मी लिहीन: 'विवेकाच्या झोपेतून भुतावळ जन्मते.' 'झोपेत' नव्हे, 'झोपेतून'. त्या एका प्रत्ययामुळे स्वप्नालाही थोडी जागा राहते.