हवाई दलात पायलट अधिकाऱ्याचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं?

तुम्ही खानापूर तालुक्यातले, घरात दोन पिढ्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत, आणि अकरावीतला मुलगा म्हणतोय पायलटच होणार. ही जवळजवळ माझीच गोष्ट, म्हणून लिहायला बसलो. मी बेळगाव तालुक्यातला. आप्पा मराठा लाईट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. मी १९९३ साली हवाई दलात लागलो, २२ वर्षं हेलिकॉप्टर उडवलं आणि विंग कमांडर असताना घरी आलो.

आधी सांबऱ्याचा घोळ मिटवू. आपल्याकडे एअरफोर्स म्हटलं की सांबरा, बेळगावजवळचा हवाई दलाचा तळ. १९६१ च्या डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या वेळी, तिथल्या बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर हल्ला करायला हंटर विमानं इथूनच उडाली, त्यामुळे जुन्या माणसांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण सांबऱ्याला ट्रेनिंग होतं ते एअरमनचं, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालच्या हवाई सैनिकांचं. मी कमिशन घेऊन, म्हणजे अधिकारी होऊन, गावी आलो तेव्हा निम्मं गाव विचारत होतं, ‘‘सांबऱ्यालाच हाईस न्हवं?’’ अधिकाऱ्याची वाट वेगळी. बारावीला फिजिक्स आणि गणित, मग एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा, त्यानंतर पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळापुढच्या चाचण्या आणि मुलाखत. निवड झाली तर तीन वर्षं खडकवासल्याला प्रबोधिनीत आणि पुढे हैदराबादजवळ दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत. २०२२ पासून मुलीही एनडीएत जातात, धाकटी असेल तर तिलाही सांगून ठेवा.

पायलटसाठी आणखी एक वेगळी चाचणी असते. आमच्या वेळी तिला पीएबीटी म्हणायचे, आता संगणकावर घेतात. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पायलटचं दार बंद, बाकीच्या शाखा उघड्या. शिवाय पायाची, मांडीची, बसल्यावरची उंची टेपने मोजतात, कारण कॉकपिटमध्ये माणूस मावायला हवा.

मला फायटर हवं होतं. मिळालं हेलिकॉप्टर. गुणवत्ता आणि दलाची गरज बघून वाटप होतं, तिथं कुणाची हौस विचारत नाहीत. हकीमपेटला चेतक हेलिकॉप्टरवर शिकलो तेव्हा महिनाभर तोंड पाडून होतो. नंतर लेहला ११४ हेलिकॉप्टर युनिटमध्ये चीता हे हलकं हेलिकॉप्टर उडवायला गेलो आणि तोंड आपोआप सरळ झालं.

सियाचिनच्या चौक्यांना आम्ही सामान पोचवायचो. इतक्या उंचीवर हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी आणि पंख्यालाही धरायला हवाच नाही. म्हणून पहाटे निघायचं, थंड हवा जरा दाट असते. इंधन मोजून घ्यायचं, कारण जास्तीचं इंधन म्हणजे तेवढं सामान कमी. दोन चीता जोडीनं जायचे, एकाला काही झालं तर दुसरा असावा म्हणून. वर इंजिन बंद करायचं नाही, तिथं पुन्हा सुरू झालं नाही तर?

एका सकाळी आमच्याकडे रॉकेलचा एक जेरीकॅन आणि टपालाची पिशवी होती. हेलिपॅड म्हणजे बर्फ तुडवून केलेला, आपल्या अंगणापेक्षा लहान तुकडा. कडेला जवान उभा. मी खाली येत असतानाच वारा पाठीमागून फिरला. पिचचा, म्हणजे पंख्याच्या पात्यांच्या कोनाचा, काटा लाल रेघेला टेकला तरी हेलिकॉप्टर खाली बसतच होतं. शेजारचा पायलट काही बोलायच्या आत मी उजवीकडची दरी धरली आणि तिथून निसटलो. वळताना तो जवान दिसला, हात तसाच वर होता. पुन्हा प्रयत्न केला नाही. तेवढं इंधनच नव्हतं.

सुट्टीत हे आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मागं फिरलास व्हय रं?’’ त्यांची सगळी हयात पुढे सरकायचं शिकण्यात आणि शिकवण्यात गेलेली. मी वजन, वारा, इंधन सगळं समजावलं. बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग एवढंच विचारलं, ‘‘दुसऱ्या दिशी तरी पोचलं काय त्या पोराचं टपाल?’’ पोचलं होतं.

तुमच्या मुलाला या नोकरीत खरं हेच शिकावं लागेल. विमान चालवायला बरेच जण शिकतात. निम्म्या वाटेवरून रिकाम्या हातानं परत यायची लाज न वाटणं अवघड असतं. माझ्या कोर्समधले दोघे आज नाहीत. कसे गेले ते इथं लिहीत नाही.

बाकी आयुष्य म्हणजे बदल्या. मुलीच्या सहा शाळा झाल्या, सगळी केंद्रीय विद्यालयं. हिंदी फाडफाड, पण आज्जीशी मराठी बोलताना अडखळायची. हुद्दा वाढतो तसं उडणं कमी होतं आणि फायली वाढतात. हल्ली ६ वर्षांत स्क्वाड्रन लीडर, १३ वर्षांत विंग कमांडर होतात. ग्रुप कॅप्टनसाठी मात्र निवड लागते, तिथं बरेच जण गळतात. पगार, घर, दवाखाना यांची चिंता नसते. मेसमध्ये माझी ओळख मात्र कुंद्यावरून, आपल्या बेळगावच्या मिठाईवरून, होती, सुट्टीवरून मोकळ्या हातानं आलो तर कुणी धड बोलायचं नाही.

एक गंमत सांगायची राहिली. एका फॉर्मवर मी राज्य ‘कर्नाटक’ आणि मातृभाषा ‘मराठी’ लिहिलं, तर कारकुनानं चूक झाली समजून फॉर्म परत दिला. दोन्ही बरोबर आहे हे पटवायला मला अर्धा तास लागला. बेळगावकराला हे नवीन नाही.

इंग्रजीची काळजी करू नका. मीही गावच्या मराठी शाळेतलाच, एसएसबीला अडखळत बोललो तरी चाललं. क्लासची फी भरायच्या आधी मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि नंबरासोबत रंग ओळखायची तपासणीही करायला सांगा. रिपोर्ट आला की इथंच लिहा, पुढचं तेव्हा बघू.