वाचक विचारतात: कान्हेरीचा धबधबा, पांढराफट फोटो आणि सासूबाईंचे गुडघे

पाऊस लागला की आमच्या टपालात दोनच विषय असतात, कपाटातली बुरशी आणि धबधबा. बुरशीचं पुढच्या अंकात बघू. यावेळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या धबधब्याबद्दल एवढी पत्रं आलीयत की अख्खं पान त्यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न: सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी, आणि मुलगा ७ वर्षांचा. लोणावळ्याच्या गर्दीत या दोघांना घेऊन जायची माझी हिंमत नाही. ट्रेनने जाऊन दुपारपर्यंत परत येता येईल आणि फोटोही धड येतील असा धबधबा मुंबईत आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, कान्हेरीलाच जा. डोंबिवलीहून दादर, दादरहून बोरिवली फास्ट, ईस्टला उतरलात की पार्काचं गेट चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे पण सासूबाईंसाठी रिक्षा करा, रिक्षावाला एवढ्या जवळच्या भाड्याला तोंड वाकडं करेल, करू दे. (अंधेरीकडून मेट्रो ७ ने येणाऱ्यांना तर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचं स्टेशनच आहे.) गेटपासून कान्हेरीची लेणी (डोंगरात कोरलेल्या बौद्ध गुहा, धबधबा तिथेच आहे) सहा-सात किलोमीटर आत आहेत, ते चालायच्या भानगडीत या दोघांना घेऊन पडू नका, आतली बस पायथ्याशी नेऊन सोडते. तिकिटं दोन लागतात, एक पार्काचं गेटवर आणि दुसरं लेण्यांचं, पुरातत्त्ववाल्यांचं, वर गेल्यावर. आत नेटवर्कचा भरवसा धरू नका, सुट्टे पैसे जवळ असू द्या. आणि सोमवारी पार्क बंद असतं! रविवारी गर्दी म्हणून हौसेने सोमवारची रजा टाकायची आणि गेटवरून परत फिरायचं, हे दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतंच. मंगळवार-बुधवार सकाळी लवकर गेलात तर उत्तम.

आता धबधब्याबद्दल खरं सांगतो. डोक्यात उंच कड्यावरून कोसळणारं काही असेल तर ते काढून टाका. इथे डोंगराच्या घळीतून ओढा येतो आणि काळ्या कातळाच्या टप्प्यांवरून उड्या मारत खाली जातो, उंची बेताची आहे पण पाणी जवळून दिसतं आणि ते बघायला दऱ्याखोऱ्यात उतरावं लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. फक्त दिवस नीट निवडा. उघडा कातळ पाणी फारसं मुरवून घेत नाही आणि ओढ्याचं पाणलोट क्षेत्र एवढंसं, त्यामुळे पाऊस पडला की लगेच भरतो आणि दोन-चार दिवस उघडीप मिळाली की तेवढ्याच झटकन ओसरतो. रात्रभर चांगला पडून गेलाय आणि सकाळी नुसती भुरभुर आहे असा दिवस पकडा. जुलैत असे दिवस कमी नाहीत, सांताक्रूझला त्या एका महिन्यात सरासरी ८०० मिलीमीटरच्या वर पाऊस होतो. मात्र हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी घरीच भजी तळा.

सासूबाईंना वरपर्यंत चढवायची गरज नाही. ३ नंबरचं चैत्यगृह (प्रार्थनेचं मोठं लेणं) सुरुवातीलाच आहे, तिथे ओसरीत दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत, त्यांना तिथे निवांत बसवा. आणि तुमचा फोटोही तिथेच आहे बरं का! पाऊस असताना लेण्यांच्या कपाळावरून पाण्याच्या धारा सुटतात, तुम्ही आत कोरड्यात उभं राहायचं, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) बाहेरच्या उजेडावर ठेवायचं, की समोर धारांचा पडदा आणि त्याच्यापुढे तुमची माणसं काळ्या आकृतींसारखी दिसतात. मुलाच्या हातात रंगीत छत्री द्या म्हणजे झालं. अशी शंभरावर लेणी आहेत तिथे, कुठलीही ओसरी चालेल.

जाता जाता पायाखालीही बघा. कातळात पन्हळी कोरल्यात, डोंगरावरचं पाणी त्यांतून वळवून लेण्यांशेजारच्या टाक्यांत सोडलंय. ही टाकी दान दिल्याचे शिलालेखही तिथे आहेत, त्यांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची ही सोय आजही पावसात वाहताना दिसते आणि धबधब्याच्या नादात सगळे तिच्यावरून उडी मारून पुढे जातात. वाकून, मोबाईल कातळाजवळ नेऊन एक फोटो काढाच.

प्रश्न: फोनच्या प्रो मोडमध्ये शटर अर्धा सेकंद ठेवलं, पाणी मुलायम येईल म्हणून, तर फोटो नुसता पांढराफट! फोन खराब आहे का? (कॉलेजचा विद्यार्थी, भांडुप)

उत्तर: फोन ठणठणीत आहे मित्रा. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सचं भोक बारीक करून उजेड कमी करता येतो, बहुतेक फोनमध्ये ते भोक ठरलेलं असतं आणि चांगलंच मोठं असतं, एफ १.८ च्या आसपास (हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). आता हिशोब बघ, ढगाळ सकाळी आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय त्याचा आकडा) ५० वर एवढ्या भोकाला साधारण १/६०० सेकंद पुरतो. तू दिलास अर्धा सेकंद, म्हणजे लागतो त्याच्या तीनशेपट उजेड आत घेतलास, पांढरंफट होणार नाही तर काय होईल?

आयफोन असेल तर सोपं आहे, लाइव्ह चालू ठेवून फोटो काढ, मग गॅलरीत तोच उघडून ‘लाँग एक्स्पोजर’ निवड. तिथे फोन बरेच फोटो एकावर एक चढवतो, म्हणून पाणी मऊ होतं आणि उजेडही हाताबाहेर जात नाही. अँड्रॉइडच्याही काही फोनमध्ये असा मोड असतो, कॅमेऱ्याच्या मेनूत शोध. नसेल तर दाट झाडीच्या सावलीतला प्रवाह निवड आणि फोनवर चिकटणारा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लाव. फोन हातात धरू नकोस, सॅकवर किंवा दगडावर टेकव आणि २ सेकंदाचा टायमर लाव, कारण बटण दाबतानाच तो हलतो.

आणि प्रत्येक पाणी मुलायम करायलाच हवं असं कोणी सांगितलं? धबाधबा पडणारं पाणी १/५०० ला पकडलंस तर एकेक थेंब हवेत सुटा दिसतो, त्यात जास्त जोर असतो. फक्त स्क्रीनवर पाण्यावर टॅप करून तो सूर्याचा स्लायडर थोडा खाली ओढ. आजूबाजूचा कातळ काळा असल्यामुळे फोन बिचारा फसतो, सगळंच उजळ करायला जातो आणि पाण्यातली रेघ न् रेघ उडून जाते.

प्रश्न: निवृत्तीनंतर मुलाने डीएसएलआर आणि १८-५५ लेन्स दिलीय. धबधब्यासाठी वेगळी लेन्स, ट्रायपॉड, फिल्टर असं काय काय घ्यावं लागेल? दुकानदाराने लांबलचक यादी दिलीय. (एक काका, गिरगाव)

उत्तर: काका, यादी दुकानदारालाच परत द्या. १८-५५ पुरते, इथे धबधबा जवळच आहे. घ्यायचंच तर एक पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर) घ्या. पावसात कातळ आणि पानं इतकी चकचकतात की त्यांचा रंगच हरवतो, पोलरायझर फिरवून ती चमक काढली की हिरवा एकदम हिरवा दिसतो, आणि तो उजेडही जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आणतो म्हणजे शटर थोडं लांबवायलाही मिळतं. त्यानंतर जमलं तर एनडी८, हा आठवा हिस्साच उजेड आत सोडतो. आयएसओ १००, एफ ११ वर ढगाळ सकाळी शटर १/३० सेकंद येत असेल तर तो लावल्यावर १/४ मिळेल, आणि माझ्या मते १/४ च्या आसपासच खरी मजा आहे, पाण्याचे पदर सुटे दिसतात. दहा-दहा सेकंद उघडं ठेवून पाण्याचा कापूस करणारे लोक असतात, असोत. एफ २२ पर्यंत मात्र जाऊ नका, शटर लांबतं खरं पण फोटोचा धारदारपणा जातो.

ट्रायपॉड घरीच ठेवा. लेण्यांच्या हद्दीत तो लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि गार्डशी हुज्जत घालण्यात सकाळ जाते. लेन्सला स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) असेल तर ते चालू ठेवा, पाठ खांबाला टेका, कोपर पोटाशी घ्या, श्वास सोडता सोडता तीन-चार फोटो लागोपाठ काढा, त्यातला एक तरी स्थिर येतो.

प्रश्न: एसी लोकलमधून उतरलो आणि लेन्सवर आतून-बाहेरून धुकं! पुसलं तरी परत येत होतं. (एक वाचक, विरार)

उत्तर: गार लेन्सला मुंबईची दमट हवा लागली की तिच्यावर पाणी धरणारच. पुसत बसू नका, कॅमेरा बॅगेत तसाच बंद ठेवून बॅगेला वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेत गरम होऊ द्या, पार्कातल्या बसमध्ये एवढा वेळ सहज जातो. आणि तोपर्यंत लेन्स बदलायची नाही, नाहीतर दमट हवा आत शिरते. पुसायची फडकी दोन न्या, एक ओलं होतंच, दुसरं झिपच्या पिशवीत कोरडं राहू दे.

प्रश्न: पाण्यात उतरून, धबधबा पाठीशी घेऊन फोटो काढायचाय. चालेल ना? नाहीतर आम्ही खारघरच्या पांडवकड्याला जाऊ. (चार मैत्रिणी, कुर्ला)

उत्तर: पांडवकडा १०७ मीटर उंच आहे, देखणा आहे, आणि तिथे बुडून इतके जीव गेलेत की पावसाळ्यात वनखातं तिथे जायला बंदीच घालतं. तो विषय सोडा.

कान्हेरीतही पाण्यात उतरू नका. वर डोंगरात सर आली की खाली तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही ओढा फुगतो, आणि तोही मिनिटांत. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज जड झाला की ताबडतोब वर सरकायचं, शेवटचा एक सेल्फी वगैरे काही नाही. शिवाय शेवाळलेला कातळ वरून कोरडा दिसला तरी पाय ठरू देत नाही, स्लीपर घालून तर येऊच नका, जुने ग्रिपवाले फ्लोटर्स बरे.

फोटो अडत नाही त्याने. तुम्ही काठावर पायऱ्यांवर उभ्या राहा, फोटो काढणारीने दहा-बारा पावलं मागे जाऊन २ एक्स किंवा ३ एक्सवर झूम करावं, मागचा धबधबा पुढे खेचल्यासारखा मोठा दिसतो आणि तुम्ही अगदी त्याच्या पुढ्यात उभ्या आहात असं वाटतं. वाईड लेन्सने जवळ जाऊन काढलेल्या फोटोत उलट होतं, चेहरे मोठे आणि पाणी नळाची धार.

प्रश्न: डबा न्यावा का? आणि ड्रोन? (एक वाचक, दहिसर)

उत्तर: डबा न्या, पण लेण्यांजवळ उघडू नका, माकडं बसलेलीच असतात आणि त्यांना झिपसुद्धा उघडता येते. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवली की गेलीच समजा. गेटबाहेर वडापाव खाऊन मगच आत शिरा. प्लास्टिक आत नेऊ नका, पाण्याची बाटली स्टीलची बरी.

ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, राष्ट्रीय उद्यानही आहे आणि संरक्षित स्मारकही. याच अंकासाठी प्री-वेडिंग शूटबद्दल विचारणाऱ्या तिघांनाही हेच उत्तर, वनखातं आणि पुरातत्त्व खातं दोघांकडेही आधी अर्ज करा, नवरीचा घेर धरायला माणूस नंतर शोधा.