बंगळुरूत बिऱ्हाड हलवताना: आधी पाणी विचारा

ताई, साताऱ्याहून बंगळुरूला येताय, छानच! घाबरू नका, सगळं मार्गी लागतं. सुरुवातीला एवढंच बघा.

घर ठरवण्याआधी पाण्याची चौकशी करा. नळाला कावेरीचं पाणी येतं, की बोअरवेल आणि टँकरवरच भागतं? 2024च्या उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या भागांत बोअरवेल आटल्या आणि लोक टँकरमागे धावत होते. हे एजंटला नको, वॉचमनला आणि शेजारच्या बायकांना विचारा.

नवीन लोकांच्या हमखास चुका:

- नावाजलेल्या शाळेच्या मोहात लांब घर घेणं. इथल्या ट्रॅफिकमध्ये पोरं दमून जातात. शाळा जवळचीच बघा.
- गाडीची एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) न घेता निघणं. बारा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर गाडीची नोंदणी इथे करावी लागते. सातारा सोडण्याआधीच तिथल्या आरटीओतून एनओसी मिळवा.
- कन्नड टाळणं. मुलं शाळेत शिकतीलच, तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा. भाजीवाल्याशी मोडकंतोडकं बोललात तरी माणसं आपुलकीने वागतात.

भाकरीची चिंता सोडा, उत्तर कर्नाटकातल्या लोकांच्या दुकानांत उत्तम ज्वारी मिळते.

आधार, मतदार यादी वगैरे घर लागल्यावर सांगेन. कुठला भाग बघताय ते कळवा.