अतिवृष्टीचं अनुदान शेजाऱ्याला आलं, आम्हाला का नाही?

तुमचं म्हणणं असं, की परंडा तालुक्यात सीनाकाठचं तुमचं सोयाबीन सप्टेंबर 2025 च्या पुरात गेलं, पंचनामा झाला, तरी पैसे आले ते फक्त बांधाशेजारच्याला. सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते घोडं तिथंच अडलंय.

मी याच जिल्ह्यात सेवा केंद्र चालवतो आणि अशी घरं रोज बघतो. पंचनाम्यात नुकसान पिकाचं लिहितात, पण पैसे जातात सातबाऱ्यावरच्या नावाला, त्याच्या आधारला जोडलेल्या खात्यात. तो माणूसच नसेल तर यादीत नाव असूनही रक्कम पडून राहते. म्हणून आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. महसूल खात्याच्या ई-हक्क या पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. बहिणींची नावं गाळू नका, पुढे हरकत आली की फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, लटकतो. नोटिशीनंतर हरकतीसाठी 15 दिवस जातात. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा आणि पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे याचं सगळ्यांचं संमतीपत्र तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत द्या. अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

त्याच वेळी अनुदानाची यादी बघा. ग्रामपंचायतीत लावतात, नसेल तर तलाठ्याकडे मिळते. नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो असेल आणि फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, नसेल, तर केंद्रात जाऊन ई-केवायसी करावी लागते. आईचं नाव लागणार असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या: आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. पुसून, ओलं करून, दहाही बोटं लावून बघतो, आणि माऊली ओशाळते, जणू चूक तिचीच. आधारला मोबाइल जोडून ठेवा, ओटीपीवर काम होतं.

रक्कम किती? जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तर. एरवी मर्यादा 2 हेक्टरची, त्या वर्षी 3 केली. शिवाय रब्बीसाठी हेक्टरी 10,000 जाहीर झाले, ते वेगळे येतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुमचा आकडा लावू नका. नदीनं जमीन खरडून नेली असेल तर हेक्टरी 47,000 आहेत, पण पंचनाम्यात तसा शेरा हवा. तो आहे का, हे नक्की बघा. 8,500 मध्ये हेक्टरभर सोयाबीनचं बियाणं-खतसुद्धा निघत नाही, म्हणून हक्काचा एक रुपयाही सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

पीक विम्याचा याच्याशी संबंध नाही. 2025 च्या खरिपात विमा पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठरणार होता, त्याची वाट बघत अनुदानाचा अर्ज थांबवू नका.

आणि पैसे जमा झाल्यावर बँकेनं पीककर्जापोटी खात्याला होल्ड लावला तर गप्प बसू नका. ही मदत कर्जात वळती करायची नाही असा शासनाचा आदेश आहे. शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या.