नावाचे स्टिकर: काप सरकतो, रंग उतरतो

प्रश्न: वह्या-डब्यांसाठी नावाचे स्टिकर इंकजेट प्रिंटरवर व्हिनाइल शीटवर छापून कटिंग मशीनने कापते. काप चित्रापासून दोनेक मिलिमीटर सरकतो. डबा धुतला की रंगही पसरतो.

उत्तर: आधी प्रिंटची सेटिंग बघा. ‘फिट टू पेज’ चालू असेल तर पान किंचित लहान छापलं जातं आणि मशीनचा हिशेब चुकतो. प्रिंट १०० टक्क्यांवरच हवी. तरीही प्रत्येक स्टिकर एकाच दिशेला सरकत असेल, तर सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशन (छाप आणि काप जुळवून घेणं) पुन्हा करा. शिवाय चित्राचा रंग कडेबाहेर २ मिलिमीटर वाढवून ठेवा, म्हणजे थोडा फरक पडला तरी पांढरी कड दिसत नाही.

रंग पसरण्याचं कारण बहुधा डाय शाई. ती पाण्यात विरघळते. पिगमेंट शाई जास्त टिकते, पण डब्यासाठी लॅमिनेशन हवंच. छापलेली शीट रात्रभर वाळू द्या, मग पारदर्शक फिल्म लावा, कापणं शेवटी. कुठे कापायचं हे मशीनला कळावं म्हणून चित्रासोबत कोपऱ्यांत काळ्या खुणा छापल्या जातात; फिल्म त्यांच्यावर येऊ देऊ नका, चकाकीमुळे मशीनच्या सेन्सरला त्या दिसत नाहीत. फिल्ममुळे जाडी वाढते, म्हणून पात्याचा दाब बेताबेताने वाढवत कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघा: व्हिनाइल सुटावं, मागचा कागद अखंड राहावा. घाईत हीच चाचणी टाळली जाते आणि अख्खी शीट वाया जाते.

प्रश्न: हीच शीट लेझर प्रिंटरमध्ये चालेल?

उत्तर: नाही. आतल्या उष्णतेने व्हिनाइल वितळून रोलरला चिकटू शकतं. पाकिटावर ‘लेझर’ लिहिलेलीच घ्या.